काही अडलं नाही

शाल्मली हरवली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती बसमध्ये व्यवस्थित बसली होती. खिडकीची जागा मिळाली होती, दप्तर मांडीवर होतं आणि चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. फक्त बस पाटणची होती आणि पोरीचं घर विद्यानगरला.

कराडची माहिती नसणाऱ्यांसाठी सांगायचं तर विद्यानगर कृष्णेपलीकडं, पूर्वेला. पाटण पश्चिमेला, डोंगरात. दोन्हीकडच्या गाड्या स्टँडवर शेजारीशेजारी लागतात. पूर्वी असं चुकून चढलेलं पोर कंडक्टर कान धरून उतरवायचा. एसटीच्या नव्या, विजेवरच्या गाड्यांत कंडक्टर नाही. दारातला कॅमेरा चेहरा ओळखतो आणि पास चालू आहे ना, एवढंच बघतो. पोर कुठं निघालंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पाटणच्या स्टँडवरून फोन आला तेव्हा प्रणोती डुबल ओंडच्या शिवारात मोजणीवर होती. भूमी अभिलेखच्या कार्यालयात ती मोजणी अधिकारी. ड्रोननं आता सगळ्या जिल्ह्याच्या जमिनी आकाशातून मोजून ठेवल्या होत्या, पण बांधावरची भांडणं काही आकाशात होत नाहीत, त्यामुळं तिच्या पायांना विश्रांती नव्हती. फोन ठेवला आणि तशीच चिखलाच्या बुटांनी तिनं गाडी पाटणकडं पिटाळली. वाटेत काय काय मनात आलं ते कुठल्याही आईला विचारा.

शाल्मली कंट्रोलरच्या खोलीत बाकावर बिस्किटं खात बसली होती. आईला बघून तिनं पुडा पुढं केला.

"खातेस?"

प्रणोतीनं तिला उराशी घट्ट धरलं. मग दोन्ही खांदे धरून दूर केलं आणि विचारलं, "अगं, बस चुकीची आहे हे कळलं नाही तुला?"

"नाही."

"कृष्णेचा पूल लागला नाही, ते तरी दिसलं असेल?"

"दिसलं की. पूल नाही आला. मग मल्हारपेठ आलं, मग डोंगर आला."

"मग?"

शाल्मलीनं जरा विचार केला. ती काही लपवत नव्हती. आईला नेमकं काय हवंय हेच तिला उमगत नव्हतं.

"मग काही नाही. काही अडलं नाही ना कुठं," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर शाल्मली झोपून गेली. प्रणोतीच्या डोक्यात मात्र ते एकच वाक्य घोळत राहिलं. दहा वर्षांची, आजवर एकाही चाचणीत चूक न केलेली मुलगी तासभर उलट दिशेला जाते आणि तिच्या पोटात एकदाही गोळा येत नाही. असं कसं होईल?

तिला उत्तर येत होतं, पण ते नको होतं. ते उत्तर शाल्मलीच्या दप्तरातच होतं. त्याला अचूक म्हणायचे.

अचूक म्हणजे एक लेखणी आणि तिच्या जोडीचा मनगटी पट्टा. साताऱ्यापासून नागपूरपर्यंतच्या शाळांत ती पोहोचून चार वर्षं झाली होती. त्यामागचं शास्त्र साधं आणि, खरं सांगायचं तर, मोठं देखणं होतं. आपण सात लिहायला जातो तेव्हा मेंदूचा हुकूम हाताला आधी मिळतो आणि बोटं नंतर हलतात. या मधल्या पळभरात मनगटाचे स्नायू ताणले जातात. उत्तराची खात्री असेल तर हुकूम एकच येतो. नसेल तर दोन येतात: एक म्हणतो सात, दुसरा म्हणतो नऊ. त्या दुमताचा इतका बारीक थरकाप मनगटात उठतो की तो आपल्याला जाणवतही नाही. पट्ट्याला मात्र जाणवतो. तो लेखणीला कळवतो आणि चुकीचा आकडा कागदावर उतरण्याआधीच लेखणीचं टोक ताठ होतं, अडतं. मूल थांबतं, दुसरा आकडा लिहितं, पुढं जातं. लेखणीला उत्तर ठाऊक नसतं, ती कुणाला काही सांगत नाही. म्हणून तर मंडळानं परीक्षेतसुद्धा तिला परवानगी दिली होती. बनवणारे म्हणायचे, ज्ञान मुलाचंच. आम्ही फक्त त्याच्या मनातली शंका त्याला ऐकवतो. पुढं पट्टा वाचनात आणि तोंडी उत्तरांतही आला. चूक होण्याआधीच मनगटावर हलकासा दाब यायचा. शाळेतली पोरं चुकायची बंद झाली, आणि पालकांनी पेढे वाटले.

दुसऱ्याची शंका आपण ऐकायला लागलो की तो स्वतः ऐकायचं सोडतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. प्रणोतीच्याही नाही. तिनंही पेढे वाटले होते.

मिरजेच्या डॉक्टर कबनूरकरांनी शाल्मलीच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, पट्टा काढून तिला काही खेळ खेळायला लावले आणि पडद्यावरच्या रेषा प्रणोतीला दाखवल्या.

"माणूस चुकला की मेंदूत लगेच एक लहर उठते. इतकी लगेच, की आपण चुकलो हे त्याला कळायच्याही आधी. दारावर कुणीतरी थाप मारावी तशी. त्या थापेनं आपण मागं वळून बघतो. तुमच्या मुलीची थाप अगदी मंद पडलीय. दाराला कुणी उत्तरच देत नाही म्हटल्यावर पाहुणा किती दिवस थाप मारणार?"

"आजार आहे का हा?"

"नाही, सवय मोडलीय. आणि ही एकटी नाही. या वर्षात अशी बरीच मुलं बघितली मी. जे दिसतंय ते लिहितोय, पाठवतोय. अजून कुणी फारसं मनावर घेत नाही. मुलं आनंदात आहेत ना!"

"परत येईल?"

कबनूरकरांनी चष्मा काढला. "वयात यायच्या आधी, बहुतेक. मेंदू तोवर लवचिक असतो. त्यानंतरचं मला खरंच ठाऊक नाही, ताई. कुणालाच नाही, कारण इतकी वर्षं पट्टा वापरून मोठं झालेलं मूलच अजून जगात नाही."

*

मुख्याध्यापिका मुजावर मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाई हाडाच्या शिक्षिका होत्या आणि प्रणोतीला त्यांच्याबद्दल आदर होता. प्रणोतीचं मागणं एकच होतं: शाल्मलीला पट्ट्याशिवाय वर्गात बसू द्या.

"प्रणोतीताई, मी या शाळेत आले तेव्हा पाढ्यांच्या तासाला एका मुलानं भीतीनं चड्डी ओली केली होती," मॅडम म्हणाल्या. "तो चेहरा मी विसरलेले नाही. आज माझ्या शाळेत गणिताला कुणी रडत नाही. हे मी कसं सोडू?"

"सोडू नका. फक्त हिला वगळा."

"वर्गच आता पट्ट्यांच्या तालावर पुढं सरकतो. सगळ्यांचे हात स्थिर झाले की पुढचा धडा उघडतो. एकीसाठी चाळीसजण थांबवायचे? आणि ती एकटी चुकत राहणार, सगळ्यांच्या देखत. तिचं काय होईल, याचा विचार केलात?"

तो विचार प्रणोतीनं केला होता आणि मॅडमचं म्हणणं तिला पटलंही. त्यामुळंच पुढची वाट स्वच्छ झाली. ती उठली, नमस्कार केला आणि म्हणाली, "मग मी तिला घरी शिकवते."

म्हणायला सोपं होतं. कायद्यानं मुभा होती. वर्षाकाठी मुक्त मंडळाची एक परीक्षा दिली की झालं. पण कायदा घराच्या उंबऱ्याबाहेर उभा असतो, आत सासूबाई असतात.

सासूबाईंना प्रणोती आत्या म्हणायची. आत्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

"आगं, आमच्या वक्ताला पोरीला शाळंत घालाय भांडाय लागायचं. माझ्या बापानं सातवीतनं काढली, तवा मी तीन दीस जेवले न्हवते. आन् तू शिकलीसवरलेली, तूच काढाय निघालीस? लोक काय म्हंतील? पोरीला काय झालंय, म्हून घरात कोंडली?"

"आत्या, कोंडत नाही. शिकवणारच आहे."

"शाळा ती शाळा. घरात काय, पापड लाटाय शिकीवतीस?"

हा वार वर्मी बसला. आपण मुलीला घरी बसवतोय, या वाक्याला या मातीत काय वास येतो, हे प्रणोतीला ठाऊक होतं. पुढं महिनाभर कॉलनीतल्या बायकांनी, आडून नि समोरून, हेच विचारलं. पोरगी आजारी आहे का? कुठल्या बुवाच्या नादी लागलात का? एकीनं तर हळूच विचारलं, स्थळबिळ बघताय की काय! पाचवीतल्या पोरीला!

पण खरी लढाई नवऱ्याशी झाली. संग्राम त्याच शाळेत भूगोल शिकवायचा. शांत माणूस, आवाज चढवायचा नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड.

"उद्या पालक मला विचारणार: सर, तुमचीच मुलगी शाळेत का नाही? मी काय सांगू?" तो म्हणाला.

"खरं सांगा."

"खरं काय? एकदा बस चुकली, म्हणून?"

"बस सगळ्यांची चुकते, संग्राम. तुमची चुकली नाही कधी? पण तुम्हाला पुढच्या थांब्याला कळतं. हिला पाटणला पोहोचूनही कळलं नव्हतं. उद्या मोठी होईल. चुकीच्या माणसाच्या गाडीत बसेल, चुकीच्या कागदावर सही करेल, आणि आतून कुणी थाप मारणार नाही. मार्क घेऊन काय करू मी?"

संग्रामनं भिंतीवरचं कॅलेंडर उलटून मार्चचं पान काढलं. मग म्हणाला, "एक वर्ष. मार्चमध्ये मंडळाची परीक्षा. गणितात नव्वदच्या खाली आली तर जूनला परत शाळेत. पट्ट्यासकट. मान्य?"

ही अट अन्यायाची होती. पट्टा काढलेल्या मुलीला, पट्टेवाल्यांच्या मापानं, वर्षभरात मोजायचं! हे प्रणोतीला तिथल्या तिथं कळलं. पण नाही म्हटलं असतं तर ते एक वर्षही हातचं गेलं असतं.

"मान्य," ती म्हणाली.

*

प्रणोतीनं सकाळच्या मोजण्या सहकाऱ्याकडं सोपवल्या, दुपारनंतरच्या स्वतःकडं ठेवल्या आणि जेवणाच्या टेबलावर शाळा मांडली. साधी शिसपेन्सिल, कोरे कागद. खोडरबर मोठं आणलं होतं. फार लागेल असा तिचा अंदाज होता.

खोडरबर तसंच राहिलं. शाल्मली भराभर लिहायची. सत्तावीस गुणिले चौदा, तीनशे अडुसष्ट. सुवाच्य अक्षर, ताठ मान. उत्तर चूक.

"तपासून बघ," प्रणोती म्हणायची.

शाल्मली तेच गणित त्याच ओळीनं पुन्हा करायची आणि तेच चुकीचं उत्तर त्याच आत्मविश्वासानं काढायची. "तपासलं. तेच आलं."

मोजणीतला एक रिवाज तिनं शिकवला. शेताभोवती मोजत मोजत फिरायचं आणि निघालो त्याच खुंटावर परत यायचं. कागदावरची रेषा पहिल्या खुंटाला मिळाली नाही, तर समजायचं कुठंतरी गफलत आहे. म्हणजे गुणाकार केलास तर भागाकारानं मागं ये. शाल्मलीनं तेही केलं, निमूटपणे, एखादं व्रत करावं तसं. भागाकारात बाकी उरली तर ती बाकी तिथंच ठेवून द्यायची. खुंट जुळत नव्हता आणि तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग दिवाळीच्या आसपास अचानक सगळं सुधारलं. शाल्मली चुकायची थांबली. आकडा लिहिता लिहिता पेन्सिल थांबायची, वळायची, बरोबर उत्तर उतरायचं. प्रणोतीला आकाश ठेंगणं झालं. तिनं फोन करून कबनूरकरांना सांगितलं, आत्यांना सांगितलं, संग्रामला तर दोनदा सांगितलं.

"बघू," संग्राम म्हणाला, आणि रविवारी तो स्वतः टेबलाशी बसला. प्रणोती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. त्यानं पाच गणितं घातली. पाचही चुकली.

"तू इथं ये बरं," त्यानं बायकोला हाक मारली. "समोर बस. आता परत."

शाल्मलीनं पेन्सिल उचलली. आठाच्या जागी सहा लिहायला गेली आणि प्रणोतीच्या तोंडून, तिच्या नकळत, आवाज आला: "च्."

पेन्सिल वळली. आठ आला.

संग्रामनं नजर उचलून बायकोकडं बघितलं. प्रणोतीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिच्या माहेरी सगळं स्वयंपाकघर या एका आवाजावर चालायचं. आई, मावश्या, काकू, कुणी पोरीबाळींना ओरडत नसत. भाकरी जाड झाली की च्, फोडणी करपायला लागली की च्. पोरी त्या आवाजावर वाढल्या आणि त्याला वळण म्हणायच्या. प्रणोतीनं शाळेचा पट्टा काढला होता आणि मुलीच्या समोर स्वतःच पट्टा होऊन बसली होती. शाल्मली गणिताकडं बघतच नव्हती. ती आईच्या भुवयांकडं बघत होती.

"मी बंद करेन. तोंडात सुपारी धरून बसेन," प्रणोती म्हणाली.

"भुवयांचं काय करशील?" संग्रामनं विचारलं. विचारलं चेष्टेनं, पण त्यात बोच होती.

त्या दिवशी ती रडली, हे खरंय. भांडी घासताना रडली, म्हणजे कुणाला कळू नये. मोडून मात्र पडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं घरात फर्मान काढलं: शाल्मली काहीही करो, कुणीही आवाज काढायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही, शाबासकीसुद्धा द्यायची नाही. विचारलं तर एकच उत्तर: तुला काय वाटतं? आणि गणितं ती गच्चीवर एकटी करेल. तिथं तिला बघायला फक्त पाण्याची टाकी.

"आन् जेवाण?" आत्यांनी विचारलं, कारण फर्मानाप्रमाणं बुधवारची आमटी शाल्मली करणार होती.

"जेवणही."

ती आमटी डुबलांच्या घराण्यात बरेच दिवस गाजली. शाल्मलीनं मीठ घातलं, मग कोथिंबीर चिरली, मग परत मीठ घातलं. प्रणोतीनं पाहिलं आणि जीभ दातांखाली धरली. ताटं वाढली. पहिल्या घासाला संग्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. आत्या तर जन्माच्या फटकळ, पण त्या दिवशी देवासमोर बसल्यासारख्या निर्विकार जेवल्या. खारट आमटी भाकरीबरोबर गिळायची आणि चेहरा कोरा ठेवायचा, हे त्यांचे प्रणोतीवर उपकारच होते.

शाल्मली तिघांच्या चेहऱ्यांवर काहीतरी शोधत होती. तिथं काही नव्हतं. तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि तिसऱ्याला तिचा हात वाटीवरच थांबला.

"आई, मी मीठ दोनदा घातलं का गं?"

प्रणोतीनं ताटातली भाकरी मोडत विचारलं, "तुला काय वाटतं?"

मुलीच्या कपाळावर आठी पडली. छोटीशी, आडवी. चार वर्षांत त्या कपाळावर कुणी आठी बघितली नव्हती. ती उठली, आमटी परत भांड्यात ओतली, पाणी घातलं, एक बटाटा चिरून टाकला आणि गॅस लावला. आत्यांनी फक्त पदरानं डोळे टिपले आणि वर, "कांद्यानं झोंबतंय," असं सांगितलं. कांदा त्या दिवशी चिरलाच नव्हता.

तिथून पुढं सगळं सरळ झालं असं मुळीच नाही. शंका आली ती एकटी नाही आली, भीतीला घेऊन आली. शाल्मली आता अडखळायची, चिडायची, पेन्सिल फेकायची. "शाळेत असं होत नव्हतं! मला तिथंच पाठव!" असं म्हणून एकदा दार आपटून बसली. पट्टा लावलेल्या मैत्रिणी धड्यांमागून धडे हसतखेळत संपवत आणि ही एका अपूर्णांकापाशी सकाळ घालवायची. प्रणोतीला मुजावर मॅडमचं बोलणं आठवायचं: तिचं काय होईल, याचा विचार केलात? आपण सुखी पोरीला दुःखी करून ठेवलं, असं मनात यायचं. पण ती दाराबाहेर बसून राहायची. आत जायची नाही, पट्टाही परत आणायची नाही. जे हवं होतं ते याच वाटेवर होतं आणि वाट खडकाळ आहे हे तिनं आधीच मान्य केलं होतं.

*

मार्चमध्ये साताऱ्याला परीक्षा झाली. संग्राम रजा काढून आला होता. गणिताचा पेपर दहा प्रश्नांचा, दहा दहा गुणांचा. वर्गाच्या दारातच प्रत्येकाला अचूक लेखणी नि पट्टा देत होते. ज्याला नको त्याला पेन्सिल मिळे. प्रणोतीनं मुलीला काहीच सांगितलं नाही. घे म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. शाल्मलीनं लेखणी घेतली, पट्टा बांधला आणि आत गेली.

लिंबाच्या झाडाखाली दोघं नवराबायको उभी राहिली. दुमत झालं की लेखणी अडणार, चूक टळणार, नव्वदच्या वर गुण पडणार, अट पूर्ण होणार. पोरगी घरी राहील, पण कशासाठी? प्रणोतीला हसावं की रडावं कळेना.

घंटा झाली आणि मुलं बाहेर आली. संग्राम त्यांच्याकडं बघत राहिला. शिक्षकाचा डोळा, त्याला काहीतरी खटकत होतं. त्याच्या लहानपणी पेपर सुटला की पटांगणात नुसता कालवा व्हायचा. तुझं तिसरं किती आलं? सोळा? मेलो, माझं अठरा! इथं मुलं हसत होती, बर्फाच्या गोळ्याच्या गाडीकडं धावत होती, क्रिकेटवर बोलत होती. पेपराबद्दल कुणी कुणाला अक्षर विचारत नव्हतं.

शाल्मली सगळ्यांच्या मागं होती. जिना उतरता उतरता ती मध्येच थबकली. बाकीची मुलं तिला वळसा घालून उतरत होती आणि ती कठडा धरून उभी. मग तिनं शेजारच्या मुलाचा हात धरला.

"ए, तुझं नववं किती आलं?"

मुलगा गोंधळला. "का?"

"सांग ना!"

"आठवत नाही. लिहिलं की मी," असं म्हणून तो गोळ्याकडं पळाला.

शाल्मली खाली आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"आई, नववं चुकलं."

"कुणी सांगितलं तुला?" संग्रामनं पटकन विचारलं.

"कुणी नाही. जिन्यात कळलं. एकदम पोटात कसंतरी झालं, मग आठवलं. मी क्षेत्रफळ काढलं, तिथं परिमिती हवी होती." तिनं बोटावर आणखी एक मोजलं. "चौथं पण चुकलंय. ते तेव्हाच कळलं होतं, पण दुरुस्त करायला वेळ नाही उरला."

"आणि लेखणी? ती अडली नाही?" प्रणोतीनं विचारलं.

"ती तर पहिल्याच गणिताला अडली. माझं उत्तर बरोबर होतं, आई! उलटं करून बघितलं होतं मी. थोडा विचार करत होते, म्हणून ती अडून बसली. परत लिहिलं, परत अडली. मग मला वाटलं, हिला माझं कळत नाहीये. काढून ठेवली आणि पेन्सिल मागून घेतली."

शंका आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं. जी मुलं विचार करत न बसता, अडलं की निमूट दुसरा आकडा लिहीत, त्यांच्या हातात ते बिनतक्रार चालत होतं.

"म्हणजे बाबा, नव्वद नाही पडणार," शाल्मलीचे डोळे भरून आले. "ऐंशीच. मला जूनमध्ये परत जावं लागणार ना?"

प्रणोतीनं तोंड उघडलं होतं. वर्षभर उराशी बाळगलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. अट मोडायची तयारी होती, घर पणाला लावायची तयारी होती. पण संग्रामनं हात वर केला. तो गोळ्याच्या गाडीभोवतीच्या त्या हसऱ्या, निवांत गर्दीकडं बघत होता. त्याच्या वर्गातली पोरंही पेपर सुटला की अशीच बाहेर पडत.

"वीस वर्षं शिकवतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "पेपर देऊन आलेल्या पोरानं, माझं हे चुकलं, असं शेवटचं कधी सांगितलं ते मला आठवत नाही." मग तो मुलीकडं वळला. "अट मी घातली होती, ती मीच मागं घेतो. जूनचं सोड. बाकीची आठ तर बरोबर आहेत ना?"

शाल्मलीनं नाक पुसलं. "सात. सातव्याची मला खात्री नाही."

खात्री नाही! प्रणोतीला वाटलं, हे दोन शब्द कुणीतरी परत एकदा म्हणावेत. तिला पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं, पण दहा वर्षांची मुलगी उचलली जात नाही.

"काय होतं सातवं? सांग," संग्राम म्हणाला आणि चांगल्या पँटसकट लिंबाखालच्या मातीत मांडी घालून बसला. शाल्मली त्याच्यासमोर उकिडवी बसली. एक काडी घेऊन तिनं मातीत टाकीचं चित्र काढलं, नळ काढले, आकडे मांडले, बेरीज करायला घेतली. संग्राम बघत राहिला. तिसऱ्या ओळीवर काडी थांबली.

"थांबा बाबा, चुकलं," ती म्हणाली, आणि तळव्यानं माती पुसून नव्यानं मांडायला लागली.